वायू-टर्बाइनची नियंत्रणव्यवस्था आणि तिच्यातील दोषांचा शोध

पैनगंगेच्या उत्तर तीरावर यवतमाळ जिल्ह्याची गावे आहेत, दक्षिण तीरावर आदिलाबाद जिल्ह्याची. दोन्हीकडे कापूस, तूर व सोयाबीन हीच पिके. दोन्हीकडे मराठी बोलणारी घरे आणि एकमेकांत गुंतलेली नातीगोती. तथापि ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत या दोन तीरांवरील विहिरींचे पंप दोन निरनिराळ्या विद्युत् जालांवर चालत होते. उत्तरेकडील पंप पश्चिम, उत्तर, पूर्व व ईशान्य भारताच्या संयुक्त जालावर, तर दक्षिणेकडील पंप दक्षिण भारताच्या स्वतंत्र जालावर. एकाच क्षणी एका तीरावरील मोटर किंचित वेगाने व दुसऱ्या तीरावरील किंचित मंद फिरत असे. प्रत्येक जालाची वारंवारता, म्हणजे दर सेकंदास होणारी विजेची आवर्तने, आपापल्या परीने वरखाली होत असत. नियमाप्रमाणे ही आवर्तने ५० हवीत. उपलब्धतेवर आधारित दरपद्धती १ जुलै २००२ रोजी पश्चिम विभागात व १ जानेवारी २००३ रोजी दक्षिण विभागात लागू होण्यापूर्वी, मागणी फार वाढली की दक्षिणेकडील वारंवारता ४८.५ च्याही खाली उतरत असे.

दोन जालांमध्ये विजेची देवघेव होत नव्हती असे मात्र नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे प्रत्येकी ५०० मेगॅवॉट क्षमतेचे दोन परिवर्तक बसविलेले आहेत. तेथे एका बाजूची प्रत्यावर्ती वीज एकदिश करून त्याच आवारात पुन्हा प्रत्यावर्ती केली जाते, आणि ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीने रामगुंडमकडे जाते. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या भूमीवरून जाणारे हे उंच मनोरे अनेकांच्या परिचयाचे आहेत. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाल उर्वरित देशाच्या जालाशी एकलयीत जोडले गेले. तेव्हापासून आदिलाबादची मोटर, पंजाबातील गिरणी आणि आसामातील दिवा ही सर्व एकाच तालावर चालतात.

हा ताल राखण्याचे काम देशभरातील शेकडो जनित्रांच्या नियंत्रणव्यवस्था अहोरात्र करीत असतात. यांपैकी एखादी बिघडली, तर तो बिघाड शोधावयाचा कसा, या प्रश्नाचा विचार येथे मुख्यतः वायू-टर्बाइनच्या संदर्भात केला आहे. आदिलाबाद जिल्ह्यात वायू-टर्बाइनचे केंद्र नाही. जयपूर येथे सिंगरेणी कोळसा कंपनीचे प्रत्येकी ६०० मेगॅवॉटच्या दोन संचांचे औष्णिक केंद्र २०१६ साली सुरू झाले, ते कोळशाचे आहे. (११ ऑक्टोबर २०१६ च्या जिल्हा-पुनर्रचनेनंतर जयपूर मंचेरियाल जिल्ह्यात गेले.) परंतु वाफेवरील व वायूवरील संचांत जनित्राचा भाग जवळजवळ सारखाच असतो आणि दोष शोधण्याची रीतही तीच. वायू-टर्बाइनमध्ये सर्व घटना अतिशय जलद घडतात, म्हणून ती रीत तेथे अधिक स्पष्टपणे पाहावयास मिळते एवढेच.

यंत्राचे स्वरूप

मराठी प्रदेशातील या प्रकारचे सर्वांत परिचित केंद्र रायगड जिल्ह्यातील उरणचे. मुंबई हाय येथील तेलक्षेत्रातून येणारा नैसर्गिक वायू वापरून महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने तेथे १९८२ पासून वीजनिर्मिती सुरू केली. प्रथम प्रत्येकी ६० मेगॅवॉटचे चार संच आले व त्यामागोमाग १०८ मेगॅवॉटचे चार. टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूवर वाफ तयार करून चालणारे १२० मेगॅवॉटचे दोन संच नंतर, १९९० नंतरच्या दशकात, जोडले गेले. ६० मेगॅवॉटचे संच पुढे सेवेतून काढण्यात आले. २००५ साली मंडळाचे विभाजन झाल्यापासून हे केंद्र महाराष्ट्र राज्य वीज निर्मिती कंपनीकडे आहे.

वायू-टर्बाइनची कल्पना समजण्यास कठीण नाही. एका लांब आसावर पुढे संपीडक व मागे टर्बाइन असते. संपीडक बाहेरची हवा ओढून दाबतो, मधल्या ज्वलनकक्षांत त्या हवेत वायू जाळला जातो, आणि हजार अंश सेल्सियसच्या आसपासचा किंवा त्याहूनही तप्त झोत टर्बाइनची पाती फिरवितो. टर्बाइनने कमावलेल्या शक्तीचा मोठा हिस्सा, बहुधा दोन-तृतीयांशाच्या जवळपास, संपीडकच खाऊन टाकतो. उरलेल्यावर जनित्र फिरते. मिनिटाला ३,००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५०, हा वेग दोन ध्रुवांच्या जनित्रास आवश्यक असतो. सार्वजनिक वीजपुरवठ्यासाठी असे पहिले यंत्र १९३९ साली स्वित्झर्लंडमधील नॉयशातेल येथे चालू झाले. त्याची शक्ती अवघी ४ मेगॅवॉट होती.

इंधनाची झडप किती उघडावयाची हे एकच नियंत्रक ठरवीत नाही. एक नियंत्रक वेगाकडे पाहतो, दुसरा तापमानाकडे आणि तिसरा यंत्र किती झपाट्याने वेग घेत आहे याकडे. तिघेही आपापली मागणी सांगतात व सर्वांत कमी असलेली मागणी मान्य होते. घरात तीन कारभारी असावेत आणि सर्वांत कमी खर्च सांगणाऱ्याचे ऐकावे, तसाच हा प्रकार. म्हणून ‘संच भार घेत नाही’ अशी तक्रार आली, की जाणता अभियंता प्रथम एवढेच विचारतो, की या क्षणी तिघांपैकी कोणाचे चालले आहे?

पुष्कळदा उत्तर निघते, तापमान-नियंत्रकाचे. आणि तो दोष नसतोच. वायू-टर्बाइनची क्षमता १५ अंश सेल्सियस तापमानाच्या हवेस धरून सांगितलेली असते. हवा तापली की विरळ होते, संपीडकात कमी भरते, आणि दर अंशामागे क्षमता सुमारे अर्धा ते पाऊण टक्का घटते. ४० अंशांच्या दुपारी आठव्या हिश्शाएवढी किंवा त्याहूनही अधिक तूट पडणे स्वाभाविक आहे. तूट याहूनही अधिक असेल तर मात्र शोध घ्यावा लागतो. संपीडकाच्या पात्यांवर धूळ व क्षार बसले असतील तर त्यातून निघणाऱ्या हवेचा दाब अपेक्षेपेक्षा कमी भरतो, आणि पाती धुतल्यावर तो सुधारतो. दाब ठीक असूनही तूट कायम असेल, तर शोधाची दिशा बदलावी लागते.

संच आपोआप बंद पडतो तेव्हा

नियंत्रणाच्या जोडीला संरक्षण असते. वंगणाच्या तेलाचा दाब उतरला, कंपने वाढली, वेग मर्यादेबाहेर गेला, ज्वाला विझली, जनित्रातील वेटोळ्यांत दोष निर्माण झाला, तर संरक्षक रिले इंधन तोडतो व जनित्राला जालापासून वेगळे करतो. हे सर्व एका सेकंदाच्या आत घडते. त्या क्षणी नियंत्रणकक्षातील फलकावर पन्नास-साठ सूचना एकदम उजळतात. त्यातील एकच मूळ कारणाची असते. उरलेल्या सगळ्या परिणामांच्या.

पहिली सूचना कोणती, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यासाठी घटनाक्रम नोंदविणारे यंत्र असते, ते प्रत्येक घटनेची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत टिपते. समजा, ‘तेलाचा दाब कमी’ आणि ‘संच बंद’ या दोन नोंदी आहेत. दाबाची नोंद आधीची असेल तर तेलामुळे संच थांबला. नंतरची असेल तर संच अन्य कारणाने थांबला आणि वेग उतरू लागल्यावर मुख्य आसावर चालणाऱ्या तेलपंपाचा दाब गेला. एक-दोन सेकंदांच्या फरकाने कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली नसतील तर सगळा तपासच भरकटतो. म्हणून घड्याळ जुळवून ठेवणे हे दोषनिवारणाचे पहिले काम मानले जाते, जरी कोणालाही ते फारसे महत्त्वाचे वाटत नाही.

गंभीर दोषांसाठी जो रिले वापरतात तो आपोआप पूर्वस्थितीत येत नाही. त्याची मूठ माणसाने हाताने फिरवावी लागते. ही अडचण मुद्दाम ठेवलेली आहे, कारण ती मूठ फिरविण्यापूर्वी संच का थांबला हे शोधले गेले पाहिजे. येथेच खरा पेच उभा राहतो. जालात विजेची तूट असते, भारप्रेषण केंद्राकडून ‘संच केव्हा येणार?’ अशी विचारणा होत असते, आणि सूचना खोटी होती असे मानून मूठ फिरविण्याचा मोह होतो. सूचना खोटी निघण्याचे प्रसंगही थोडे नाहीत, त्यामुळे मोह अधिकच बळावतो.

ज्यांच्या विहिरीवर त्रिकला मोटर आहे त्यांना हा पेच निराळ्या रूपात ठाऊक आहे. स्टार्टर वारंवार पडतो. पिकाला पाण्याची घाई असते. कोणी तरी सुचवितो, की ओव्हरलोड रिले काढून तारा सरळ जोडाव्यात. मोटर चालू होते आणि पाणीही येते. वस्तुतः डीपीवरील एका फेजचा फ्यूज उडालेला असतो, उरलेल्या दोन फेजांतून दुप्पट ओढाताण चाललेली असते, आणि थोड्याच वेळात वेटोळे जळते. स्टार्टर पडत होता तो बिघाडामुळे नव्हे, बिघाड सांगण्यासाठी. मोटरचे वेटोळे पुन्हा भरून घेता येते. शंभर मेगॅवॉटच्या जनित्राचे वेटोळे जळाले, तर संच कित्येक महिने उभा राहतो.

चार म्हणजे शून्य

संरक्षण व नियंत्रण दोन्ही मापकांवर अवलंबून असतात, आणि अनुभव असा, की यंत्रापेक्षा मापक, तार अथवा जोड यांतील दोष अधिक वेळा आढळतात. म्हणून दोष शोधताना पहिला संशय वाचनावर घ्यावयाचा असतो. तथापि संशय घेणे म्हणजे ते वाचन नाकारणे नव्हे.

मापकापासून नियंत्रणकक्षापर्यंत माहिती पोहोचविण्यासाठी बहुतेक ठिकाणी ४ ते २० मिलिअँपिअर एवढ्या सूक्ष्म प्रवाहाचा उपयोग करतात. दाब शून्य असेल तेव्हा प्रवाह ४, दाब पूर्ण असेल तेव्हा २०. शून्यासाठी शून्यच का ठेवले नाही? कारण तार तुटली तरी प्रवाह शून्यच होतो. चारपासून प्रारंभ केल्यामुळे ‘दाब नाही’ आणि ‘बातमीच नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांना हे उदाहरण उपयोगी पडावे. शून्य ही संख्या आणि उत्तराचा अभाव यांतील भेद एवढ्या सोप्या रीतीने क्वचितच दाखविता येतो.

महत्त्वाच्या ठिकाणी एका मापकावर विसंबत नाहीत. वेग मोजणारे तीन मापक असतात, आणि दोघांचे एकमत झाले तरच संच थांबतो. त्यामुळे एक बिघडल्याने यंत्र उगाच बंद पडत नाही, किंवा एक गप्प राहिल्याने धोका नजरेआड होत नाही. मात्र एक मापक बिघडलेला असताना तो आठवडेच्या आठवडे तसाच राहू दिला, तर तिघांची ही व्यवस्था नावापुरतीच उरते.

निकासमार्गातील तापमान

दोषशोधाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण टर्बाइनच्या निकासमार्गात सापडते. ज्वलनकक्षातील तापमान प्रत्यक्ष मोजणे व्यवहारात शक्य नसते, कारण तेथे मापक टिकत नाही. म्हणून टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या, पाचशे अंशांच्या घरातील वायूचे तापमान मोजतात. त्यासाठी निकासमार्गाभोवती गोलाकार अठरा-वीस किंवा त्याहूनही अधिक तापयुग्मे बसविलेली असतात. दोन भिन्न धातूंच्या तारांची टोके जोडून तापविली की अल्पसा विद्युत् दाब निर्माण होतो, हे तापयुग्माचे तत्त्व होय. सर्व कक्षांत ज्वलन सारखे असेल तर सर्व वाचने जवळजवळ सारखी येतात. कमाल व किमान वाचनांतील अंतर फार वाढले तर संच थांबविला जातो, कारण असमान तापलेल्या झोतातून फिरताना पाती प्रत्येक फेऱ्यात तापतात व निवतात, आणि अखेर त्यांना तडे जातात.

आता समजा, एक वाचन एकदम साठ-सत्तर अंशांनी खाली आले. तापयुग्म बिघडले की एखाद्या कक्षातील ज्वलन मंदावले? पहिली कसोटी शेजाऱ्यांची. खाली आलेले वाचन एकटेच असेल, डावी-उजवीकडील वाचने जशीच्या तशी असतील, तर तापयुग्माचा अथवा त्याच्या जोडाचा संशय बळावतो. थंड झोत इतका अरुंद नसतो, की तो एकाच तापयुग्मावर पडेल. दोन-तीन शेजारी एकत्र खाली आले असतील, तर इंधनाची तोटी चोंदली आहे की काय हे पाहावे लागते.

दुसरी कसोटी अधिक मार्मिक आहे. उष्ण वायू टर्बाइनमधून सरळ जात नाही, गोल फिरत जातो. त्यामुळे थंड डाग बिघडलेल्या कक्षाच्या बरोबर मागे न दिसता काही अंशांनी सरकलेला दिसतो, आणि किती सरकेल हे भारावर अवलंबून असते. म्हणून अभियंता भार थोडा कमी करून पाहतो. थंड जागा एका तापयुग्मावरून दुसऱ्यावर सरकली, तर ज्वलनात दोष खरोखर आहे. जागच्या जागी राहिली, तर दोष मापकाचा. यंत्र न उघडता, केवळ भार बदलून मिळणारे हे उत्तर कित्येक दिवसांचे काम वाचविते. उलट, तापयुग्मच खराब असेल असे गृहीत धरून ते यादीतून वगळले आणि संच तसाच चालविला, तर पात्यांच्या तड्यांचा पत्ता फार उशिरा लागतो.

ज्वालेच्या मापकाची गोष्टही अशीच. ज्वाला आहे की नाही हे तो तिच्या अतिनील किरणांवरून ओळखतो. त्याच्या भिंगावर वाफ धरली तर ज्वाला असूनही ‘ज्वाला विझली’ असे तो कळवितो व इंधन बंद होते. भिंग पुसले की काम झाले, असे वाटते. परंतु पुन्हा पेटविण्यापूर्वी टर्बाइनमधून काही मिनिटे नुसती हवा फिरविणे अनिवार्य आहे. आत न जळलेला वायू साठला असेल तर पहिल्या ठिणगीसरशी स्फोट होतो. घाईत ही मिनिटे वाचविण्यास कोणासही मुभा नसते.

भाराचे हेलकावे

जालाची वारंवारता घटली की गतिनियामक इंधन वाढवितो. किती वाढवावयाचे हे प्रमाण ठरलेले असते. पाच टक्क्यांचे प्रमाण असेल तर वारंवारता २.५ आवर्तनांनी घटल्यास संच शून्यापासून पूर्ण भारापर्यंत जावा. म्हणजे एक दशांश आवर्तनाची घट झाल्यास १०८ मेगॅवॉटचा संच सुमारे ४.३ मेगॅवॉट आणि जयपूरसारखा ६०० मेगॅवॉटचा संच २४ मेगॅवॉट जादा देतो. अर्थात त्याच्यापाशी तेवढा वाव शिल्लक असेल तर. प्रत्येक संच आपल्या ऐपतीप्रमाणे भार उचलतो, त्यामुळे त्यांच्यात भांडण होत नाही.

कधी एखाद्या संचाचा भार स्थिर राहत नाही, काटा सतत पुढेमागे डोलतो. गतिनियामकाचे गणित चुकले, की झडप अडखळते? येथे साखळी मध्येच तोडून पाहतात. नियंत्रकाचा हुकूम क्षणभर एका जागी स्थिर ठेवावयाचा. तरीही झडप डोलत असेल तर नियंत्रक निर्दोष. दोष झडप हलविणाऱ्या तेलाच्या यंत्रणेत किंवा झडपेची जागा कळविणाऱ्या मापकात आहे. झडप शांत झाली तर दोष वरच्या बाजूस, म्हणजे नियंत्रकात किंवा त्याच्याकडे येणाऱ्या वाचनांत. मग उरलेल्या अर्ध्या साखळीचे पुन्हा दोन भाग करावयाचे. विहिरीपासून शेतापर्यंतच्या पाइपात पाणी कोठे अडले हे शोधणारा शेतकरीही मधला जोड सोडून पाहतो. तेलाच्या यंत्रणेत बहुधा कारण निघते तेलातील कचरा. केसाहून बारीक फटींतून जाणाऱ्या तेलाला थोडीही घाण सोसत नाही.

जनित्राची बाजू

वेगाचा कारभार टर्बाइनकडे, तर विद्युत् दाबाचा जनित्राकडे. जनित्राच्या फिरत्या चुंबकाला किती प्रवाह द्यावयाचा हे स्वयंचलित दाबनियामक ठरवितो. तो जनित्राचा दाब एका छोट्या मापन-रोहित्रामार्फत पाहतो. या रोहित्राचा लहानसा फ्यूज उडाला तर काय होईल? दाबनियामकाला दाब अकस्मात घटलेला दिसेल. तो कर्तव्यबुद्धीने चुंबकाचा प्रवाह वाढवील, आणि प्रत्यक्षात दाब मर्यादेबाहेर चढेल. नियामक बिघडलेला नसतो. त्याला खोटी बातमी मिळालेली असते. म्हणूनच दोन स्वतंत्र मापन-रोहित्रांची वाचने परस्परांशी ताडून पाहणारा रिले बसवितात. तफावत दिसताच तो नियामकाला स्वयंचलित कारभारातून बाजूला करतो. जेथे जनित्राला अतिउत्तेजनाचा दोष वारंवार येतो, तेथे नियामकाचे महागडे भाग बदलण्याआधी फ्यूजची पकड तपासावी, हे साधे सूत्र आहे.

पावसाळ्यात आणखी एक शत्रू डोके वर काढतो. संरक्षणाची सर्व मंडले विद्युत्-घटमालेच्या, साधारणतः २२० व्होल्टच्या, एकदिश विजेवर चालतात, म्हणजे केंद्रातील वीज गेली तरी ती जागी राहतात. या मंडलाचा धन किंवा ऋण कोणताच ध्रुव जमिनीशी घट्ट जोडलेला नसतो. एखाद्या पेटीत पाणी शिरून एक ध्रुव जमिनीला टेकला, तरी लगेच काही बिघडत नाही. म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. पुढे दुसऱ्या ठिकाणी असाच स्पर्श झाला, की प्रवाहाला जमिनीतून वाट मिळते, आणि कोणाच्याही आज्ञेवाचून संच थांबतो. किंवा, जे अधिक वाईट, थांबावयास हवा तेव्हा थांबत नाही. जुन्या केंद्रांत हा दोष ओळखण्याची युक्ती दोन दिव्यांची होती. दोन सारखे दिवे एकामागे एक जोडून ते दोन ध्रुवांमध्ये बसवावयाचे व त्यांचा मधला बिंदू जमिनीस जोडावयाचा. दोन्ही सारखे मंद जळत असतील तर सर्व ठीक. एक विझून दुसरा प्रखर झाला, तर विझलेल्या दिव्याच्या बाजूचा ध्रुव जमिनीला लागला आहे. त्यानंतर एकेक शाखा तपासत ओली पेटी शोधून काढण्याचे काम उरते. ते कष्टाचे आहे; पावसात शिडीवर चढून पेट्या उघडाव्या लागतात, आणि पुष्कळदा अपराधी म्हणून एखादी पाल किंवा उंदराने कुरतडलेली तार हाती लागते.

दोष गप्प राहतात तेव्हा

सूचना न येणे म्हणजे दोष नसणे, असे मानता येत नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील एका नियंत्रणकक्षात धोक्याच्या सूचना देणारी संगणकप्रणाली दुपारी बंद पडली, आणि ती बंद पडली आहे हे तेथील कर्मचाऱ्यांना कळले नाही. जाल ढासळत असताना पडदा शांत होता. दोन तासांच्या आत अमेरिका व कॅनडातील सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली.

आपल्याकडील उदाहरण उत्तर प्रदेशातील नरोरा अणुविद्युत केंद्राचे. ३१ मार्च १९९३ रोजी तेथील पहिल्या संचाच्या वाफेच्या टर्बाइनची दोन पाती थकव्यामुळे तुटली. तोल गेलेल्या यंत्राच्या प्रचंड कंपनांनी जनित्राच्या हायड्रोजनाची बंदिस्ती फुटली आणि आग लागली. वीजपुरवठ्याच्या व नियंत्रणाच्या तारा शेजारून गेलेल्या होत्या; त्या जळाल्या, आणि पर्यायी व्यवस्था असूनही संच सुमारे १७ तास विजेवाचून राहिला. धुरामुळे नियंत्रणकक्ष सोडावा लागला. अणुभट्टी शांत राखण्यासाठी कर्मचारी विजेरीच्या उजेडात वर चढले व त्यांनी हाताने झडपा उघडून बोरॉनचे द्रावण आत सोडले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. त्यानंतर पात्यांची रचना बदलण्यात आली, आणि तारांचे मार्ग वेगळे ठेवण्याकडे व त्यांच्यात अग्निरोधक अडसर घालण्याकडे देशभरात कटाक्षाने लक्ष दिले गेले.

३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतातील जाल लागोपाठ दोन दिवस कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य विभागही गेले, आणि सुमारे ४८,००० मेगॅवॉटचा पुरवठा खंडित झाला. त्या वेळी आदिलाबाद दक्षिणेच्या वेगळ्या जालावर असल्याने येथे दिवे चालू राहिले. पैनगंगेपलीकडील पश्चिम विभागही वाचला. आज दोन्ही तीर एका जालात आहेत. दूरच्या केंद्राची मदत आता अडथळ्यावाचून येथवर पोहोचते, आणि दूरच्या केंद्रातील धक्काही.

कारण सापडले नाही तर

दोष सापडला, दुरुस्त झाला, की संच पुन्हा चालू करतात. हवा फिरविणे, पेटविणे, वेग वाढविणे, आणि मग जालाशी जुळविणे. दाब, वारंवारता व आवर्तनाचा नेमका क्षण हे तिन्ही जुळल्यावाचून जनित्र जालाला जोडता येत नाही. जुळणी दाखविणाऱ्या मापकाचा काटा सावकाश फिरत बाराच्या खुणेशी येतो आणि त्याच क्षणी स्विच मिटतो.

परंतु काही वेळा कितीही शोधले तरी कारण हाती लागत नाही. वाचने ठीक असतात, जोड घट्ट असतात, रिले चाचणीत बरोबर चालतो. अशा वेळी नोंदवहीत ‘खोटी सूचना’ असे लिहून प्रकरण मिटविण्याची प्रवृत्ती असते. रीतसर नोंद वेगळी असते. काय काय तपासले, कोणत्या क्रमाने तपासले, त्या वेळी भार किती होता, पाऊस होता की ऊन, कोणत्या पेटीला हात लावला, आणि अखेरीस ‘कारण आढळले नाही’. संशयित मंडलावर तात्पुरता नोंदमापक लावून ठेवतात, संच कमी भारावर चालवितात, आणि पुढील पाळीच्या अभियंत्याकडे ती वही उघडी सोपविली जाते.